मुलगा सोळाचा, दुकानात रात्री दहा वाजतात. कायद्यात बसतं का?

उचगावची_टेलर

नमस्कार. मी इथं एरवी ब्लाउजची मापं आणि अस्तराच्या कापडावरच लिहिते, आज वेगळंच विचारायचं आहे.

थोरला फर्स्ट पीयूसीला म्हणजे अकरावीला आहे, कॉमर्स. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डाप्रमाणे सोळा पूर्ण झालेत. जूनपासून बेळगावात एका मिठाई-फरसाणाच्या दुकानात जातो. नाव घेत नाही. मालक आमच्या गावकीतले, मी त्यांना मामा म्हणते, आणि माणूस वाईट नाही. त्यांनीच म्हटलं होतं, पोराला पाठव, कॉलेजचा खर्च निघेल. आम्हालाही बरं वाटलं. ह्यांचं शिनोळीला कारखान्यात कंत्राटावर काम आहे, या महिन्यात असतं तर पुढच्या महिन्यात नसतं.

बोलणं झालं होतं चार ते आठचं. आता चार ते दहा होतंय. कॉलेज सुटलं की थेट दुकान. रविवारी सकाळी नऊला गेलेला रात्री नऊला सुटतो. सुट्टी म्हणाल तर अमावस्येला दुकान बंद असतं तेवढीच. बस चुकली की कुणाच्या तरी गाडीवर बसून येतो, तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. आल्यावर जेवून वही उघडतो. अकाउंटन्सीच्या वहीला तुपाचा वास येतो. परवा पान उलटताना त्याची बोटं बघितली, तर्जनीवर आणि अंगठ्याच्या बेचक्यात बारीक बारीक चिरा. म्हणे खोकी वळून होतं. मिठाईची खोकी सपाट पुठ्ठ्याची येतात, ती दुमडून, कान आत खोचून डबा करायचा, गठ्ठेच्या गठ्ठे. पुठ्ठ्याची कड कापते.

मामांशी बोलले. ते म्हणाले, "अगं, चार ते सहा गिऱ्हाईकच नसतं. बसूनच असतो की तो! खरं काम सहाच्या पुढं." बसूनच असतो, तर खोकी कोण वळतंय?

आता प्रश्न. सोळाच्या मुलाला किती तास कामाला ठेवता येतं? रात्रीचं काही बंधन आहे काय? दुकान बेळगावात, म्हणजे कर्नाटकाचा कायदा, पण मामांची दुसरी शाखा चंदगड भागात आहे, "तिकडं पाठवू काय, तिकडं महाराष्ट्राचा नियम" असं ते हसत हसत म्हणाले, त्यात काही तथ्य आहे काय? आणि तक्रार केली तर आम्हा आईबापांवर येतं काय? तशी मला तक्रार करायचीच नाही, गावात रोज तोंड बघायचं आहे. पण बोलताना हातात काहीतरी पाहिजे.

अजून एक. लग्नसराईत तो एखादे दिवशी दुकानातून लवकर सुटून मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातो, मित्रांबरोबर. आणि धाकटी सातवीत आहे, ती संध्याकाळी मला हूक-काज करून देते. त्याचाही नियम असेल तर सांगा. हसू नका.

रविवारपेठ_अण्णा

ताई, कायदा कशाला काढताय? आम्ही दहाव्या वर्षी चहाच्या किटल्या पोचवत होतो, कुणाचं काय बिघडलं? पोरगं कामाला लागलंय, वाईट संगतीत नाही, हेच पुष्कळ. दहा वाजतात म्हणून त्रास होत असेल तर उद्यमबागेत एखाद्या फौंड्रीत लावा. पगार दीडपट, शिफ्ट सुटली की घरी. पीयूसी काय, बाहेरूनही करता येतं.

फाईलवाला_टिळकवाडी

ताई, कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलांकडे लेखनिकी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अण्णांचं. फौंड्रीत अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलाला घेताच येत नाही. ओतकाम धोक्याच्या उद्योगांच्या यादीत आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांना त्या यादीतल्या कामावर ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. तेव्हा हा सल्ला पुन्हा कुणाला देऊ नका. "आमच्या वेळी" म्हणायचं तर १८८१ च्या कारखाना कायद्यात सात वर्षांच्या पोराला गिरणीत घेता येत होतं, आणि सात ते बाराच्या पोरांकडून दिवसाला नऊ तास काम करून घेता येत होतं. १८९१ ला ते वय नऊ केलं आणि तास सात. गोकाकच्या धबधब्यावरची सूतगिरणी त्याच काळातली. तेव्हाही लोक म्हणतच असतील की पोरं कामाला लागली हे बरं झालं.

आता तुमचं. कायदा १९८६ चा, केंद्राचा. बाल आणि किशोर कामगारांचा. चौदाच्या आतलं ते बालक, चौदा ते अठरा किशोर. तुमचा मुलगा किशोर. मिठाईचं दुकान धोक्याच्या यादीत नाही, म्हणजे त्याला कामावर ठेवायला बंदी नाही. पण कसं ठेवायचं हे सातव्या कलमात लिहिलंय, आणि ते मालक लोक वाचत नाहीत.

लोकांना वाटतं तिथं फक्त तासांचा आकडा आहे. तसं नाही. सलग तीन तासांच्या वर काम नाही. तीन तास झाले की किमान एक तास विश्रांती द्यायची, मगच पुढचं काम. आणि सगळं मिळून, म्हणजे काम, ती विश्रांती आणि *कामाची वाट बघत बसलेला वेळ* धरून, सहा तासांच्या आत दिवस संपला पाहिजे. तुमच्या मामांचं "बसूनच असतो की" इथंच अडतं. गिऱ्हाईक नाही म्हणून बाकावर बसवलेला मुलगाही कामावरच आहे. तुमचा तर खोकी वळतोय, ते सोडाच.

आणि रात्रीचं. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात किशोराला कामाला ठेवता येत नाही. ओव्हरटाइम नाही, पैसे जास्त देतो म्हटलं तरी नाही, मुलगा स्वतः तयार असला तरी नाही. म्हणजे कॉलेज करून चारला येणाऱ्या मुलाचं काम फक्त चार ते सात बसतं. नेमके तीन तास. साडेसात झाले तरी नियम मोडला.

आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. तो वार कुठला हे दुकानात दिसेल असं लिहून लावायचं, आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. अमावस्येच्या बंदवर भागत नाही. रविवारी काम हवं असेल तर मंगळवार द्या, बुधवार द्या, पण द्या.

वाढपी म्हणून जातो त्याचं: ज्या दिवशी एका ठिकाणी काम केलं त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी कामाला ठेवायला मनाई आहे. शिवाय लग्नाच्या पंगती सातच्या आत कुठं उठतात? ते बंदच करा. हॉलवर दारू वाटली जात असेल तर तो प्रकार धोक्याच्या यादीत जातो, तिथं उभंही करू नका.

चंदगडचं: हसण्यावारी न्या. कायदा केंद्राचा आहे, सीमेवरच्या बाची गावाच्या अलीकडं सात आणि पलीकडंही सातच. सीमावाद बाकी सगळ्यात असेल, यात नाही. दुकानांचे कायदे मात्र राज्यांचे वेगळे आहेत, कर्नाटकाचा १९६१ चा, महाराष्ट्राचा २०१७ चा. महाराष्ट्रातला ठराविक संख्येच्या वर कामगार असलेल्या ठिकाणांनाच पुरता लागतो. मामांनी बहुधा तेवढंच कुठंतरी ऐकलंय. त्यानं मुलाच्या वेळेत काही फरक पडत नाही.

उचगावची_टेलर

काका, तुमचं दोनदा वाचलं. एक राहिलंच. मामा म्हणतात, "घरचं दुकान आहे, घरच्याला कसला नियम?" ते सख्खे नाहीत, पण सख्खे असते तर चाललं असतं काय? आणि आमच्यावर काही येतं काय ते सांगा, ह्यांना तीच भीती आहे.

फाईलवाला_टिळकवाडी

घरच्या धंद्याची जी सूट लोक सांगतात, ती चौदाच्या आतल्यांसाठी. आई-बाप, भाऊ-बहीण, काका-आत्या, मामा-मावशी इतकी माणसं कायद्यानं "कुटुंब" धरली आहेत. नुसतं कलम बघितलं तर सख्ख्या मामाच्या दुकानात बारा वर्षांचं पोर हातभार लावू शकतं, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तर. गावकीतला मामा त्यात येत नाही. किशोरांच्या वेळेच्या नियमांतून सूट आहे ती मालक आपल्या घरच्यांच्या मदतीनं चालवतो त्या जागेला, आणि तिथं घरचे म्हणजे नवरा-बायको, मुलं आणि भावंडं; भाचा त्यात येत नाही. म्हणजे सख्खे असते तरी हाच हिशेब.

तुमच्या धाकटीचं यातच येतं. आईला हातभार लावायला कलमात बंदी नाही, पण २०१७ च्या नियमांत घरच्या कमाईच्या उत्पादनाचा कुठलाच टप्पा मुलाकडं द्यायचा नाही असं आहे, म्हणून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजचं हूक-काज तिथं अडू शकतं. बाकी मदतीलाही त्याच नियमांत मर्यादा आहे: दिवसाला तीन तासांच्या वर नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ ही वेळ वगळून, आणि शाळेच्या आड यायचं नाही. लग्नसराईत तिला दहापर्यंत जागवून हूक लावून घेणं तर नकोच.

आईबापांवर शिक्षेचं बोलणं आहे ते बालकाला कामावर पाठवलं किंवा किशोराला धोक्याच्या कामावर लावलं त्याबद्दल, आणि तिथंही पहिल्या खेपेला शिक्षा नाही. वेळेचा नियम पाळायचा तो दुकानदारानं. मोडला तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ह्यांना निर्धास्त राहायला सांगा.

शाहापूर_स्वीट्स_वाला_नव्हे

मीही दुकानदारच, मिठाईचा नाही, भांड्यांचा. सगळे मालकाच्या नावानं खडे फोडतायत म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते सातनंतर. ऑफिसं सुटतात, बायका भाजी घेऊन परत जाता जाता शिरतात. सातला पोरगं घरी गेलं तर मला त्याचा उपयोग काय? म्हणून मी अठराच्या आतला ठेवतच नाही, भानगड नको. पण त्याचा परिणाम असा की चार-पाच गरजू पोरं दरवर्षी विचारून परत जातात, आणि मग ती जातात तिथं ना रजिस्टर असतं ना कुणी बघणारं. हेही खरंच आहे की नाही?

रजिस्टरवरनं आठवलं. काही लोक वहीत वय सरळ अठरा लिहितात. ताई, तुमच्या मुलाचं नाव कुठल्या वहीत आहे काय हे आधी विचारा.

फाईलवाला_टिळकवाडी

भांड्यांच्या दुकानदारांचं म्हणणं मी खोडत नाही. सातची रेघ बाजाराच्या सोयीनं ओढलेली नाही, त्यामुळं बाजाराला ती अडचणीची वाटणारच. पण ज्याला सकाळी कॉलेज आहे त्याच्या सोयीनं बघा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं शिवकाशीच्या फटाके-काडेपेटी कारखान्यांतल्या पोरांच्या खटल्यात असंही म्हटलं होतं की बिनधोक्याच्या कामातल्या मुलाला दिवसाला चार ते सहा तासांच्या वर काम नको, आणि रोज किमान दोन तास शिक्षण मिळालं पाहिजे, तेही मालकाच्या खर्चानं. इतक्या वर्षांत मालकानं खर्च केलेला एक विद्यार्थी माझ्या फायलींत आला नाही, हे जाता जाता.

रजिस्टर सक्तीचं आहे. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाच्या वेळा, विश्रांतीच्या वेळा आणि कामाचा प्रकार लिहावा लागतो. वयाचा वाद झाला तर आधी कागद, कागद नसेल तर सरकारी डॉक्टर. तुमच्याकडं मार्क्स कार्ड आहे, त्याची झेरॉक्स मामांना द्या. एकदा ती त्यांच्याकडं गेली की "मला वाटलं अठराचा आहे" म्हणायची सोय राहत नाही. भांडणापेक्षा ती झेरॉक्स जास्त काम करते, असा माझा अनुभव.

दुकानात कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावायचा असतो. बेळगावात तो कन्नडमध्ये असेल. मुलगा शाळेत कन्नड शिकलाच आहे, त्यालाच वाचायला सांगा, मामांसमोर.

निपाणीची_सून

मधेच बोलते. आमच्याकडं निपाणीत या वयाच्या मुली दुकानात नसतात, घरात असतात. सासूबाई विड्या वळायच्या, त्यांच्या शेजारी सूप घेऊन बसलेली पोर म्हणजे कामगार असं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी, आणि सासूबाईंचा हजार एकटीनं कधी पुरा व्हायचा नाही, मग पोरी मदतीला. विडी आणि तंबाखूचं काम अठराच्या आत कुणालाच नाही हे मला आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या) मीटिंगला गेल्यावर कळलं. घरच्या घरी, आईच्या शेजारीसुद्धा नाही. ताईंच्या धाकटीचं हूक-काज आणि आमच्या नणंदेचं विडी वळणं, यातला फरक मला तंबाखूच्या भुकटीनं खोकणाऱ्या माणसांकडं बघून बरोबर कळतो.

लहान मुलांबद्दल कुणाला सांगायचं असेल तर चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन लागतो, नाव सांगावं लागत नाही.

रविवारपेठ_अण्णा

फौंड्रीचं मागं घेतो. बाकी माझं मत तेच आहे. पोरानं हात काळे करावेत.

उचगावची_टेलर

काल मामांकडं जाऊन आले. दुकानात नाही, घरी गेले, मामी होत्या तेव्हा. झेरॉक्स दिली. कायदा, कलम असं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की सातनंतर तो येणार नाही, कॉलेजमधून विचारणा झाली तर तुमच्यावरच येईल. मामी लगेच म्हणाल्या, "आपल्या नातवाला दहापर्यंत ठेवला असता काय?" मामा गप्प बसले.

ठरलं ते असं: सोमवार ते शनिवार चार ते सात, त्यातला बुधवार सुट्टी. रविवारी सकाळी नऊ ते तीन, मधे बारा ते एक जेवायला बाहेर, म्हणजे दुकानातच बाकावर बसवून ठेवायचं नाही. खोकी वळायला आता दुसरा मोठा गडी. महिन्याला पाच हजार देत होते, आता साडेतीन. ह्यांचं तोंड जरा उतरलं. मी म्हटलं, आठवड्याला दोन ब्लाउज जास्त शिवते. वाढपी बंद. पोरगा माझ्यावर रुसलाय, त्याचे मित्र अजून जातात आणि तिथं बासुंदी मिळते.

एकच अडलंय. दिवाळीचे आठ दिवस. मामा म्हणाले, तेवढ्यापुरतं दहापर्यंत पाठव, डबल पैसे देतो, कॉलेजलाही सुट्टी असते. काका, आठच दिवस आहेत, सणाचं काही वेगळं आहे काय?

फाईलवाला_टिळकवाडी

नाही. सणाची सूट नाही, आणि डबल पैशाचा ओव्हरटाइमही नाही.

पण कॉलेज बंद आहे तर दिवसाचा वेळ आहे की. दहाला जाऊ दे. दहा ते एक काम, एक ते दोन जेवण, दोन ते चार काम. सहा तासांत बसलं. दिवाळीत लाडू-चिवड्याची पाकिटं भरायचं काम दिवसाच असतं, संध्याकाळी नुसती विक्री. बुधवारची सुट्टी मात्र त्या आठवड्यातही द्यायला सांगा. बुधवारीच लक्ष्मीपूजन आलं आणि मामांना वार बदलायचा असला तर तीन महिन्यांतून एकदा बदलता येतो, पण नवा वार आधी लिहून लावायला सांगा, आयत्या वेळी तोंडी नको.